एक्कावन्नाव्या पानावरचा टाका

“ए मुली, ठेव ते पुस्तक खाली!”

मी हे इतक्या जोरात म्हणाले, की वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे दोन्ही पेन्शनर माना वर करून बघायला लागले. ‘शांतता राखा’ ही पाटी माझ्याच डोक्यावर लटकत होती आणि ती मीच हौसेनं रंगवून घेतली होती. पण त्या क्षणी मला पाटीचं भान नव्हतं. महिनाभर ज्याच्या मागावर होते, तो चोर माझ्या डोळ्यांसमोर उभा होता.

चोर दहा-अकरा वर्षांचा होता. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, शाळेचा निळा स्कर्ट आणि पायात मोठ्या माणसाच्या चपला. मुलांची पुस्तकं दाराजवळच्या बुटक्या कपाटांत होती. ही मात्र आत, कादंबऱ्यांच्या तिसऱ्या कपाटाशी उभी होती. एक पुस्तक काढायची, मधलंच एक पान उघडायची, समासाला नाक टेकेल इतकं वाकून बघायची आणि पुस्तक परत ठेवायची. मग दुसरं. मी दहा मिनिटं बघत होते. तिनं एकाचंही नाव वाचलं नाही.

मी जाऊन तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. पान होतं एक्कावन्न.

“दोरा कुठं आहे?” मी विचारलं.

तिचा चेहरा पडला. म्हणजे तिला दोऱ्याचं माहीत होतं.

“माझ्याकडं न्हाई.”

“मग एक्कावन्न पानच का बघतेस?”

तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“तुझी पुस्तकं तिकडं आहेत. ही मोठ्यांची.”

“मला हितलंच पायजे.”

“कशाला?”

ती चपलांकडे बघायला लागली. माझा पारा चढला. “आण तुझं कार्ड. वडिलांना घेऊन ये, मग परत मिळेल.”

तिनं खिशातून कार्ड काढून दिलं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि खटकन ड्रॉवर बंद केला. ती आधी ड्रॉवरकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या मोठ्या चपला ओढत निघून गेली. रडली असती तर मी कदाचित विरघळले असते. ती रडली नाही.

मला तेव्हा चोविसावं वर्ष होतं. ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र ताजं होतं आणि त्याची गुर्मीही. सांगलीहून मी या यंत्रमागाच्या गावात आले, विणकर गल्लीतल्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. गल्लीत दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट. तिथल्या बायका एरवीही ओरडूनच बोलायच्या, कारण घरात तसं बोलल्याशिवाय ऐकूच जात नसे. पण वाचायच्या मात्र अशा, की मी थक्क झाले. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि संध्याकाळी पदर खोचून पुस्तक बदलायला यायच्या.

एकाच गोष्टीनं माझं डोकं फिरायचं. पुस्तकांवरच्या खुणा. कुणी एकवीस पानावर पेन्सिलीनं फुली मारलेली, कुणी एकशे एक पानावर स्वस्तिक काढलेलं, कुणी शेवटच्या पानावर नुसतं ‘र’. आणि सगळ्यात कहर म्हणजे एक्कावन्न पान. तिथे समासात चक्क सुईदोऱ्यानं टाका घातलेला. पांढरा, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा. बऱ्याच पुस्तकांत एक टाका, काहींत तीन. सरकारी अनुदानाच्या पुस्तकांना माणसं शिवणकाम करतात हे बघून मला रात्रीची झोप येईना.

दिवाळीत दहा दिवस वाचनालय पुस्तक-मोजणीसाठी बंद असायचं. त्या दहा दिवसांत मी अकराशे चाळीस कादंबऱ्या साफ केल्या. चार खोडरबर झिजवले. भुवया कोरायचा माझा चिमटा होता, त्यानं एक्कावन्न पानावरचे दोरे उपसले आणि वरून नखानं पान घासून सपाट केलं. आमचे शिपाई बाबालालमामा मुजावर पंचवीस वर्षं तिथे होते. ते समोर बसून पुस्तकं पुसत होते आणि अधूनमधून घसा खाकरत होते. मला वाटलं धुळीनं.

शेवटी दाराला नोटीस लावली : ‘पुस्तकांवर खुणा करणाऱ्याचे सभासदत्व रद्द करण्यात येईल.’ अध्यक्षांनी मला शाबासकी दिली. वाचनालय उघडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मुलगी सापडली, त्यामुळे मी भलतीच खुशीत होते.

माझी खुशी एक दिवस टिकली.

दुसऱ्या दिवशी चारला दार उघडलं तर पायरीवर रत्नाक्का. आमच्या सगळ्यात जुन्या वाचक. त्यांनी टेबलावर पुस्तक आपटलं.

“बाई, ह्ये काय दिलंसा? झालंय की ह्ये माझं!”

“अक्का, तुम्हीच निवडून नेलंत.”

“निवडलं म्या, पर खूण न्हाई म्हणून निवडलं! सोळा पानं वाचली तवा कळलं, ह्यातला थोरला दीर विहिरीत पडतोय म्हणून. आता पडणारा दीर कितीदा बघू?”

मी काही बोलायच्या आत जिनमती चौगुले आल्या. त्या सावकाश, सभ्य बोलायच्या, म्हणून त्यांचं जास्त लागलं. “बाई, माझंही झालेलं आहे हे. माझं स्वस्तिक कुठं गेलं?”

शनिवारपर्यंत नऊ जणी झाल्या. प्रत्येकीचं एकच वाक्य, “झालंय ह्ये.” तो शब्द ऐकला की मी रजिस्टरात डोकं खुपसायला लागले. आमच्या सगळ्या पुस्तकांना एकाच तपकिरी कापडाची बांधणी होती, पाठीवर फक्त नंबर. आतलं नावाचं पान निम्म्या पुस्तकांत फाटलेलं. वर्षाला शंभर-शंभर कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईनं काय वाचलं नि काय नाही, हे लक्षात ठेवायचं तरी कसं? म्हणून प्रत्येकीनं आपलं पान ठरवलेलं, आपली खूण ठरवलेली. कपाटाशी उभं राहायचं, आपलं पान उघडायचं, खूण नसली तर न्यायचं. ही पद्धत माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे चालू होती, आणि मी ती चार रबरांनी पुसून टाकली होती.

“मामा, तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“व्हय की.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगणार हुतो. दोनदा खाकारलो. तुमी मान वर कराय तयार न्हाई.”

मी कपाळावर हात मारून घेतला. मग ते एकेक खूण सांगायला लागले. फुली कुणाची, ‘र’ कुणाचा. त्यांना सगळ्या पाठ होत्या.

“आणि एक्कावन्न? तो टाका?”

पुसायचं फडकं त्यांनी खाली ठेवलं.

“त्यो चंपाबाईचा. बुगडांची चंपाबाई, कोपऱ्यावरच्या कारखान्यामागं ऱ्हाती. कांड्या भरायची, तवा हाताशी दोरा आन् सुई कायम. वाचून झालं की येक टाका. लई आवडलं की तीन. दुसऱ्यांदा वाचायला घावावं म्हणून. गणपतीत तिच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलनं बी गेलं.”

“अरे देवा.”

“तुमी परवा कार्ड काढून घेतलंसा न्हवं, ती तिची भाची. सारिका. आत्यानंच वाढवलंय तिला.”

मी ड्रॉवर उघडला. कार्डावर खरंच ‘कु. सारिका बुगड’ असं लिहिलेलं होतं. मी ते परवा वाचलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला सकाळची वेळ संपली तशी मी निघाले. पर्समध्ये कार्ड घेतलं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून परवा तिच्या हातातून काढून घेतलेलं पुस्तकही घेतलं, नंबर १८४३. माफी मागायची आणि परत यायचं, एवढंच मनात होतं.

दोन खोल्यांचं घर. भिंतीपलीकडे माग चालू होते, त्यामुळे भांड्यांची फळीसुद्धा बारीक थरथरत होती. खाटेवर चंपाबाई उशीला टेकून बसलेल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. सारिका खाली बसून मोठ्या आवाजात पुस्तक वाचत होती. मागांच्या वर आवाज काढायचा म्हणून तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आणि आत्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मला बघून सारिका ताडकन उठली. “आबा कामावर गेल्यात. म्या सांगितलंय त्यास्नी, येतील ते.”

“नको, नको. मी कार्ड द्यायला आलेय.” मी कार्ड पुढे केलं. “सारिका, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं नीट.”

तिनं कार्ड घेतलं, पण चेहरा सैल झाला नाही. मी विचारलं, “तू तेव्हा सांगितलं का नाहीस, आत्याचा टाका शोधतेय म्हणून?”

“पाटी वाचली न्हवं म्या. आत्याचं नाव कटलं असतं.”

मी खाली सतरंजीवर बसले.

“कशाला शोधत होतीस गं?”

तिनं आत्याकडे बघितलं आणि माझ्या जवळ येऊन बसली. “डॉक्टर म्हनलं, वळखीचं कायतरी कानावर पडू द्या. तिला आवडलेलं. त्यानंच बोलनं परत येतंय, आलं तर. पर सा म्हैन्यांच्या आत. नंतर न्हाई येत म्हनं.” तिनं बोटं मोजली. “दोन झालं. नवं पुस्तक वाचलं की ती अशी भितीकडं तोंड करती. तीन टाक्यांचं वाचलं की ऐकती. दिवाळीच्या आधी दोन घावली होती. येकात तर हासली बी. आनि आता तीन बी न्हाईत आनि येक बी न्हाई. तीन कपाटं बघितली.”

“आत्यांनाच विचारायचं ना, कुठलं आवडलं ते.”

“हो-न्हाई उलटंपालटं होतंय तिचं. जेवलीस का म्हनलं तरी कवा मान हिकडं, कवा तिकडं.”

मी घाईघाईनं म्हणाले, “आपण रजिस्टर बघू. कुठली पुस्तकं नेली ते असतं त्यात.”

“आमच्या कार्डावर चार घरं वाचत्यात,” ती म्हणाली आणि एकदम ओठ चावला. हेही नियमाविरुद्ध होतं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, “सारिका, ते दोरे मी काढले. दिवाळीच्या सुट्टीत. मला वाटलं कुणीतरी पुस्तकं खराब करतंय.”

“समदे?”

“सगळे.”

“टाकून दिलंसा?”

“हो.”

ती हातातलं कार्ड दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. मला वाटलं, हिनं मला दोन शिव्या दिल्या तरी चालतील. एका बाईचं बोलणं परत यायचा जो काय एक रस्ता होता, तो मी चिमट्यानं उपसून केराच्या टोपलीत टाकला होता आणि त्याबद्दल शाबासकी घेतली होती. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही.

उठावं म्हणून मी १८४३ नंबरचं पुस्तक खाटेवर ठेवलं. सारिकानं ते उचललं आणि नुसत्या सवयीनं एक्कावन्न पान उघडलं. बघितलं. काहीच नव्हतं. उघडंच पुस्तक तिनं आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि नाक पुसायला वळली.

आत्यांचा डावा हात हलला.

तो पानावर आला, समासाकडे सरकला. तर्जनी वरून खाली आली. पुढे गेली, थांबली, परत मागे आली. मग त्यांनी अंगठा पानाखाली घातला आणि अंगठा नि बोट यांच्यामध्ये तो कागद धरून हळूहळू चोळायला लागल्या. कांडी भरणारी बाई दोरा असाच धरते. दोऱ्यात गाठ आली की डोळ्यांच्या आधी तिच्या बोटांना कळतं.

“आत्या?” सारिका म्हणाली.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तोंड वाकडं केलं आणि डाव्या हातानं पुस्तक सरळ खाटेवरून खाली ढकलून दिलं.

“आता काय झालं?” मी घाबरून विचारलं.

सारिका बघतच राहिली. मग तिनं झडप घालून पुस्तक उचललं, दारात पळाली आणि ते पान उन्हात धरलं.

“बाई! बाई, हिकडं या! भोकं हायती!”

मी गेले. समासात, उन्हाच्या बाजूनं बघितलं तर सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके. एक दोरा आत गेल्याचा, एक बाहेर आल्याचा. मी दोरा काढला होता, पान घासलं होतं; पण कागदाला पडलेलं भोक काही मला बुजवता आलं नव्हतं.

“दोनच हायती,” सारिका म्हणाली. “म्हंजे येक टाका. म्हंजे ह्ये तिला आवडलं न्हवतं! म्हणून ढकललं तिनं!”

आणि ती हसायला लागली. खाटेवर आत्यांच्या तोंडाची डावी बाजू जरा वर गेली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. इतकं हलकं वाटत होतं की मी त्या मुलीच्या तेलकट डोक्यावर ओठ टेकवले. तिला ते फारसं आवडलं नाही.

“तीन टाक्यांची किती भोकं?” मी विचारलं.

“सा!”

“चल.”

आम्ही दोघी भर दुपारी गल्लीतून पळत सुटलो. बाबालालमामा वाचनालयाच्या पायरीवर डबा खात होते. त्यांनी घास तसाच ठेवून कुलूप उघडलं. मी खिडक्या सताड उघडल्या. मामा पुस्तक काढून द्यायचे, मी पान उघडायचे, सारिका ते उन्हाला धरायची. दोन. काहीच नाही. दोन. दोन. काहीच नाही. नवव्या पुस्तकाला ती ओरडली, “सा!” आणि माझ्या डोक्यावर ‘शांतता राखा’ची पाटी असताना मीही ओरडले.

सगळी कपाटं संपवायला बारा दिवस लागले. सहा भोकांची एकूण अडतीस पुस्तकं निघाली. रत्नाक्का आणि इतर बायकाही मदतीला आल्या आणि जाताजाता तिरप्या उजेडात आपापल्या पुसलेल्या फुल्यांचे वळ शोधून पुन्हा गिरवून गेल्या. मी बघूनही बघितलं नाही. दारावरची नोटीस मी त्याच दिवशी काढली होती. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा वाऱ्यानं उडाली म्हणून सांगितलं.

टाके मात्र मी स्वतः घातले. बुगडांच्या घरून पांढरं सूत आणलं आणि त्याच भोकांतून सुई घालून अडतीस पुस्तकांत तीन-तीन टाके घातले. माझं शिवण कधीच चांगलं नव्हतं, पण भोकं तयार होती.

सारिका रोज वाचायची. तिच्या चाचणी परीक्षेच्या आठवड्यात मी जायला लागले, आणि मग जातच राहिले. दुपारची सुट्टी झाली की पुस्तक घ्यायचं आणि बुगडांच्या सतरंजीवर बसून मागांच्या आवाजात घसा फोडून वाचायचं. आत्या ऐकायच्या. कधी हसायच्या, कधी डोळे टिपायच्या. पण बोलायच्या नाहीत. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस बघू. त्यांच्या त्या ‘थोडे दिवस’चा अर्थ सारिकालाही कळला होता. ती वाचताना आता मध्येच थांबून आत्याच्या तोंडाकडे बघायची.

मार्चचा पहिला आठवडा असेल. त्या दिवशी मी घाईत कपाटातून तीन टाक्यांचं एक पुस्तक ओढलं आणि गेले. सारिका कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरत होती. आत्याचं काम तिनं थोडंथोडं उचललं होतं. मी वाचायला सुरुवात केली. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर घरातला थोरला मुलगा सामान बांधून मुंबईला निघतो, तिथवर आले.

खाटेवरून आवाज आला.

मला वाटलं खोकला आहे. मी पुढे वाचायला लागले. आत्यांनी डावा हात जोरात पुस्तकावर ठेवला. त्यांचे ओठ एका बाजूला ओढले गेले, गळ्याची शीर फुगली, आणि त्या म्हणाल्या, “झा... झालंय.”

सारिकाच्या हातातली कांडी खाली पडून खोलीभर सुटत गेली.

“काय म्हनलीस आत्या?”

“झालंय,” आत्या म्हणाल्या. आता जरा रागानंच. “ह्ये... झालंय.”

मी नंबर बघितला. खरंच होतं. दोन आठवड्यांपूर्वी मीच ते अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं होतं आणि विसरून गेले होते.

दिवाळीनंतरचा सबंध आठवडा तो एक शब्द माझ्या टेबलावर आपटला होता. त्याची मला इतकी धास्ती बसली होती, की बाई पुस्तक घेऊन आली की मी नजर चुकवायचे. आणि आता तोच शब्द ऐकून मी आणि ती अकरा वर्षांची मुलगी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो, हसत होतो. आत्या दोघींकडे वैतागून बघत होत्या. त्यांना गोष्ट हवी होती.

मी पुस्तक मिटलं, डोळे पुसले आणि दुसरं आणायला वाचनालयाकडे पळाले.